डब्यातले साडेचौदा हजार आणि बागेतलं झाड

आदरणीय मावशी, सलाम.

मला 'तू'च म्हणा. माझी आई असती तर तुमच्याच वयाची असती. आम्ही तालुक्याच्या गावी राहतो. मिस्टर टेम्पो चालवतात, मी एका दवाखान्यात नावं नोंदवायचं काम करते. तीन वर्षं झाली, आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, महिला मंडळाची मी खजिनदार आहे. वर्गणीचे आणि कापणीच्या सणाच्या लिलावाचे पैसे एका स्टीलच्या डब्यात, कुलूप लावून, माझ्या कपाटात असतात. जूनमध्ये मुलाच्या डिप्लोमाची फी भरायची होती. डब्यातून ९,००० काढले, पगार झाला की ठेवायचे म्हणून. ४,००० ठेवलेही. मग टेम्पोचा हप्ता थकला, ६,००० काढले. नंतर आणखी ३,५००. आज डब्यात साडेचौदा हजार कमी आहेत, वहीत मात्र शिल्लक पूर्ण दिसते. मिस्टरांना माहीत नाही.

पहिल्यांदा डबा उघडला तेव्हा अध्यक्षाबाईंचा फोन वाजला होता. 'भाजी फोडणीला टाकलीय, नंतर करते' म्हणून मी ठेवला. भाजी टाकलेली नव्हती. सरत्या वर्षाच्या उपासनेत मला वचनाची चिठ्ठी आली होती, 'माझा देव तुमची सर्व गरज पुरवील.' ती मी डब्याच्याच झाकणाला आतून चिकटवलीय. त्या दिवशी ती वाचून मला वाटलं, देवानंच ही सोय केली असेल.

मी संडे स्कूलही घेते. गेल्या रविवारी तिथं बायबलमधल्या उत्पत्तीचा तिसरा अध्याय होता, आदाम-हव्वा आणि मनाई केलेल्या फळाचा. सात वर्षांच्या एका मुलानं विचारलं, 'बाई, खायचं नव्हतं तर देवानं झाड लावलंच कशाला?' मला घाम फुटला. 'पुढच्या रविवारी सांगते' म्हटलं.

पुढच्या महिन्यात मंडळाची वार्षिक सभा आहे. बचत गटातून कर्ज काढून डबा भरला तर कुणाला सांगायची गरज आहे का? क्षमा तर देव करतोच ना? की ही त्यानंच घेतलेली माझी परीक्षा होती? आणि मी आता मुलांना शिकवणं सोडू का?

– तुमची एक बहीण

लेकी,

पैशाचं बोलायचंच आहे आणि ते मी टाळणार नाही. पण आधी त्या सात वर्षांच्या मुलाकडे येते. अध्यक्षाबाईंच्या फोनला तू उत्तर देऊन टाकलंस. त्या मुलाला मात्र देता आलं नाही, आणि ते बरं झालं. त्यानं जे विचारलं तिथूनच तुझ्या डब्याकडे वाट जाते.

तुझं पवित्र शास्त्र उघडून समोर ठेव आणि माझ्याबरोबर वाच. तिसऱ्या अध्यायाच्या आधी दुसरा वाच, कारण आपण संडे स्कूलमध्ये नेमका तोच घाईनं उरकतो. देवानं माणसाला पहिली आज्ञा कोणती दिली? आपण सगळे पटकन म्हणतो, 'खाऊ नकोस.' पण ते सोळाव्या वचनात नाही, सतराव्यात आहे. सोळाव्यात आहे 'खा'. बागेतल्या हव्या त्या झाडाचं खा. मूळ हिब्रूत तिथं क्रियापद दुहेरी आलंय, 'खाऊन खा' अशा धर्तीचं, जोर देण्यासाठी. आई वाढताना 'अगं घे, पोटभर घे' म्हणते ना, तसा तो जोर आहे. आधी ही अख्खी बाग, आणि मग एक झाड.

आता सर्पाचं बोलणं वाच. तो येऊन 'फळ खा' म्हणत नाही. तो नुसतं विचारतो, बागेतल्या कोणत्याच झाडाचं खाऊ नका असं देवानं सांगितलंय, हे खरं का? एका झाडाची मनाई त्यानं सगळ्या बागेवर पसरवली. आणखी एक गोष्ट तुझ्याच पुस्तकात बोट ठेवून बघता येईल. दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या वचनापासून गोष्ट सांगणारा सतत 'परमेश्वर देव' म्हणतो. सर्प नुसतं 'देव' म्हणतो, आणि त्याच्याशी बोलताना हव्वाही नुसतं 'देव' म्हणू लागते. नावातला जवळचा अर्धा भाग गळून जातो. मी किती वर्षं हा अध्याय शिकवला, पण हे माझ्या लक्षात यायला साठी उलटावी लागली.

हव्वा त्याला दुरुस्त करते खरी, पण तिच्या उत्तरात तीन बारीक बदल झालेले आहेत. 'हव्या त्या' झाडाचं, हा मोकळेपणा निघून गेला. 'स्पर्शही करू नका' हे देवानं न सांगितलेलं तिनं जोडलं. 'खास मरशील' हे नुसतं 'मराल' इतकं सौम्य झालं. देणं थोडं आखडलं, बंधन थोडं वाढलं, इशारा थोडा उतरला. यात खोटं बोलण्याचा तिचा हेतू मला दिसत नाही. ज्या माणसाच्या मनात समोरच्याविषयी किंतु आलाय, त्याला समोरच्याचे शब्द असेच आठवतात.

आणि मग सहावं वचन. झाड खायला चांगलं, डोळ्यांना मोहक, शहाणं करणारं. त्यातल्या पहिल्या दोन गोष्टी दुसऱ्या अध्यायाच्या नवव्या वचनात आधीच आल्या आहेत, आणि तिथं त्या बागेतल्या *सगळ्या* झाडांविषयी आहेत. खायला चांगली आणि दिसायला सुंदर तर सगळीच झाडं होती! तिला जे हवंसं वाटलं ते दहा पावलांवर, मोकळेपणानं, मिळत होतं. (तुमच्या तक्त्यावर सफरचंद काढलेलं असेल तर मुलांना सांगून टाक की शास्त्रात फक्त 'फळ' म्हटलंय. नाव घेतलेलं एकच झाड आहे, अंजिराचं, आणि त्याची पानं त्यांनी अंग झाकायला वापरली.)

म्हणून मला वाटतं, आज्ञा मोडली सहाव्या वचनात, पण तुटायचं ते पहिल्या पाच वचनांतच तुटलं होतं. देव आपल्यापासून काहीतरी राखून ठेवतोय, आपलं आपल्यालाच बघावं लागेल, हे एकदा मनानं घेतलं की हात पुढं जायला वेळ लागत नाही.

लेकी, जूनच्या त्या दिवशी तुझ्या मनात काय चाललं होतं ते तूच लिहिलंयस. मुलाची फी ही खरी गरज होती. त्यात चैन नव्हती, हाव नव्हती, म्हणून तर तुला ते पाप वाटलंच नाही. पण मंडळातल्या बायकांना तोंडानं विचारलं असतं तर? मिस्टरांना सांगितलं असतं तर? कॉलेजात जाऊन हप्ते मागितले असते तर? ही तुझ्या बागेतली दुसरी झाडं होती. कदाचित एकालाही फळ लागलं नसतं, हे मला कबूल आहे. मीही नवऱ्याच्या आजारपणात चार दारं वाजवून रिकाम्या हातानं परतले आहे, त्यामुळे 'देव काहीतरी करेलच' हे मी कुणाला सहज म्हणत नाही. पण तू एकाही झाडाकडे गेली नाहीस. डबा कपाटात होता, किल्ली तुझ्याकडे होती, आणि मागण्यातली लाज नको होती.

आता ती चिठ्ठी. याविषयी मला जरा लांबून बोलायचंय, कारण ही चूक तुझ्या एकटीची नाही. आपल्या मंडळ्यांतून वर्षाच्या शेवटच्या रात्री टोपलीतून वचन उचलायची रीत मला आवडते. माझ्या शास्त्रात अशा कितीतरी चिठ्ठ्या आहेत. पण चिठ्ठीवर एक ओळ असते. ती ओळ फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातली, एकोणिसावं वचन. आज तो अध्याय दहाव्या वचनापासून वाच. पत्र लिहिणारा पौल बंदिवासात आहे. फिलिप्पैच्या मंडळीनं एपफ्रदीताच्या हाती त्याच्यासाठी मदत पाठवलीय आणि तो त्यांचे आभार मानतोय. मधेच सांगतो, मी भरल्या पोटी राहायला शिकलो आणि उपाशी राहायलाही शिकलो. आणि त्यानंतर म्हणतो, माझा देव तुमची गरज पुरवील. म्हणजे हे वचन लिहिणारा उपास सोसलेला कैदी, आणि ज्यांना लिहिलं ते पदरचं देऊन बसलेले. दुसऱ्यांचं काढून घेताना हात धीट व्हावा म्हणून ते लिहिलेलं नाही.

पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशनमध्ये बसून अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. १९२२ साली त्या गेल्या, त्यानंतर १९२४ मध्ये ते बाहेर आलं. साध्या बाईला वाचता येईल अशी मराठी त्यांना हवी होती. एका ओळीची चिठ्ठी देऊन त्यांनाही भागवता आलं असतं. त्यांनी आपल्यासारखीच्या हातात सबंध पुस्तक दिलं, कारण सबंध अध्याय वाचला की ओळ आपल्याला हवी तशी वाकवता येत नाही.

वचन वाकवायची युक्तीही जुनीच आहे. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात प्रभू येशू चाळीस दिवस उपाशी आहे आणि सैतान त्याला पहिली गोष्ट सुचवतो ती दगडांच्या भाकरी करण्याची. ही पण खरीखुरी गरज. दुसऱ्या वेळी मात्र त्याच्या तोंडी शास्त्र आहे, एक्क्याण्णवावं स्तोत्र: देवदूत तुला हातांवर झेलतील, मंदिराच्या शिखरावरून उडी टाक. प्रभूनं तिन्ही वेळा 'असं लिहिलं आहे' म्हणून उत्तर दिलं, आणि तिन्ही उत्तरं जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातली, सहाव्या आणि आठव्या अध्यायांतली. आठवा अध्याय उघडून बघ. तिथं मोशे लोकांना चाळीस वर्षांच्या रानाची आठवण देतोय. उपाशी राहू दिलं, मग मान्ना, ती आकाशातली भाकर, दिली, अंगावरचे कपडे जीर्ण झाले नाहीत, पाय सुजले नाहीत. प्रभूनं वाक्य घेतलं ते त्या सगळ्या आठवणीसकट घेतलं. भाकरी नको असं तो म्हणाला नाही. माझा बाप कसा आहे हे मला ठाऊक आहे, त्याच्या तोंडच्या शब्दाची मी वाट बघेन, असं ते उत्तर आहे. त्याच अध्यायात शेवटी देवदूत येऊन त्याची सेवा करतात. भाकरी आली असेलच की नाही? पण ती दगडांची केलेली नव्हती.

देवानं तुझी परीक्षा घेतली का, असं तू विचारतेस. हा घोळ थोडा आपल्या शब्दाचाही आहे. पारखणं आणि मोहात पडणं या दोन्हींना आपल्या शास्त्रात 'परीक्षा' हाच शब्द येतो. मूळ ग्रीकमध्येही एकच शब्द दोन्ही अर्थांनी चालतो. याकोबानं आपल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात गाठ सोडवलीय: मोहात असताना 'देवानं मला मोहात घातलं' असं कुणी म्हणू नये. तो पुढं इच्छेला गर्भ राहण्याचं आणि पापाला जन्म देण्याचं जे चित्र काढतो ते बायकांना लगेच कळतं. दिवस भरत जातात, एकदम काही होत नाही. ९,००० चे साडेचौदा हजार तसेच झाले. आणि करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात पौल म्हणतो की परीक्षेबरोबरच देव निभावण्याचा उपायही करतो. तू तुझा उपाय माझ्याकडे लिहून पाठवलायस, तुला फक्त ओळखू आला नाही. अध्यक्षाबाईंचा फोन. तू डबा उघडतेयस आणि ज्यांचे पैसे आहेत त्यांचाच फोन वाजतोय! 'बाई, जरा अडचण आहे' एवढं म्हणायला तुला एक श्वास पुरला असता.

हे तुला टोचावं म्हणून लिहीत नाही. फोन पुन्हा करता येतो म्हणून लिहितेय.

बचत गटाचं कर्ज काढू नकोस. व्याज लागेल, हप्ता लागेल, आणि तो हप्ता थकला की कपाट पुन्हा जवळ असेल. पण समजा कुठून तरी बिनव्याजी पैसे मिळाले आणि डबा गुपचूप भरला, तरी माझं उत्तर तेच आहे, सांगावं लागेल. मंडळातल्या बायकांचे नुसते पैसे गेलेले नाहीत. वर्षभर त्या जी वही खरी समजताहेत ती खरी नाही. लेवीय पुस्तकाच्या सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीला तुझीच गोष्ट आहे, शेजाऱ्यानं विश्वासानं सोपवलेली ठेव आणि तिच्याबाबत केलेला खोटेपणा. तिथं देव सांगतो की रक्कम पुरी परत कर, वर पाचवा हिस्सा घाल, ज्याची त्याला नेऊन दे, आणि मग अर्पण घेऊन ये. आधी शेजारी, मग वेदी. पाचवा हिस्सा म्हणजे तुझ्या हिशेबात २,९००. तो भरलाच पाहिजे असं मी म्हणत नाही, आपण मोशेच्या नियमशास्त्राखाली नाही. पण जकातदार जक्कयानं, ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट द्यायचं कबूल केलं तेव्हा त्याच्याकडे कुणी मागितलं नव्हतं. प्रभू त्याच्या घरी पाहुणा म्हणून आला होता, आणि त्या आनंदात तो उठून उभा राहिला. तुझ्या मनात केव्हा आलं तर दे, नाही आलं तर साडेचौदा हजार पुरे.

क्षमा देव करतोच, असं तू लिहितेस. करतो. माझी सगळी भिस्त त्यावरच आहे. पण तू ते वाक्य ज्या जागी वापरतेयस तिथं ते अंजिराचं पान झालंय. देवाची क्षमा मागायची आणि बायकांची नको, कारण देव सभेत उभा राहून विचारणार नाही.

हे कसं असतं ते मला माहीत आहे. मी एकतीस वर्षं शाळेत शिकवलं. नोकरीच्या चौथ्या वर्षी धाकट्या बहिणीच्या साखरपुड्याला एक दिवस न कळवता गेले, आणि दुसऱ्या दिवशी मस्टरवर दोन्ही दिवसांच्या सह्या केल्या. निळ्या शाईच्या दोन सह्या, एकाखाली एक. कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यानंतर सात महिने रोज सकाळी मस्टर उघडताना माझा अंगठा त्या महिन्याच्या पानाला चुकवून पान उलटायचा. रविवारी उपासनेत प्रभुभोजनाला, त्या पवित्र भाकर-प्याल्याला, मी काही ना काही कारण काढून मागं राहायला लागले. सात महिन्यांनी मुख्याध्यापिकाबाईंकडे गेले. किती दिवसांची ती तयारी, किती रडणं ठरवलेलं! त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला आणि म्हणाल्या, 'त्या दिवसाच्या रजेचा अर्ज लिहा.' एक दिवसाचा पगार कापला गेला. एवढंच झालं असं सांगून तुला फसवणार नाही. पुढं वर्षभर त्या माझी सही झाली की मस्टर स्वतःकडे ओढून बघायच्या, आणि ते मला रोज सोसावं लागलं. पण त्याच रविवारी मी प्रभुभोजनाला पुढं गेले. बाईंची ती नजर मी त्या रविवारासाठी पुन्हा सोसेन.

तेव्हा आता असं कर.

पहिल्यांदा मिस्टरांना सांग, आणि हे उद्यावर टाकू नकोस. सहाव्या वचनाच्या शेवटी बघ, हव्वेचा नवरा 'तिच्याजवळ' होता. इतका वेळ जवळ असून तो एक शब्द बोलला नाही. तुझ्या घरातही दोन माणसं एकाच तंगीत वेगवेगळी बसली आहेत. टेम्पोच्या थकलेल्या हप्त्याचे ६,००० कुठून आले हे त्यांनी विचारलं नाही, याचाही विचार तुम्ही दोघांनी मिळून करायला हवा. ते चिडतील. चिडू देत. पण त्यांचा हात उठायचा असा अनुभव असेल तर एकटीनं सांगू नकोस, आधी पाळकीणबाईंकडे जा आणि त्यांच्या देखत सांग.

मग अध्यक्षाबाईंना फोन करून वेळ माग. सभेची वाट बघू नकोस. सभेत हिशेब निघाल्यावर सांगणं म्हणजे सापडणं. जाताना डबा, किल्ली आणि वही तिन्ही घेऊन जा. पैसे त्यांच्यासमोर मोजून दाखव. किती, केव्हा आणि कशासाठी काढले ते एका कागदावर लिहून ने, तोंडी सांगताना आवाज फुटतो आणि आकडे मागं-पुढं होतात. कारणं सांग, पण आधी आकडा सांग. आदामाला देवानं विचारलं तेव्हा त्यानं आधी कारण सांगितलं, 'तू मला दिलेल्या स्त्रीनं', आणि एका वाक्यात बायको आणि देव दोघांवर ढकलून मोकळा झाला. खजिनदारीचा राजीनामा त्याच दिवशी लिहून दे. परतफेडीचं जे झेपेल तेच कबूल कर. महिना २,५०० जमणार असतील तर पाच महिने तेवढे आणि सहाव्या महिन्यात २,००० असं लेखी दे. पुढं डबा कुणाहीकडे गेला तरी त्याला दोन कुलपं आणि दोन घरी दोन किल्ल्या असाव्यात, हेही तूच सुचव. बँकेत दोघींच्या सहीचं खातं उघडलं तर आणखी बरं. एवढी वर्षं एका बाईच्या कपाटात सगळी रोकड ठेवणं ही मंडळाचीही चूक आहे, पण ती त्यांना तू ऐकवायची नाही. हे सदर त्याही वाचत असतील, त्यांना मी सांगतेय.

सगळ्या मंडळीपुढं उपासनेत उभं राहून कबूल करावं का, असा विचार तुझ्या मनात येईल. माझ्या मते नको. ज्यांचं नुकसान झालं त्या मंडळातल्या बायकांना ते कळलं पाहिजे, त्यांना कसं आणि केव्हा सांगायचं ते अध्यक्षाबाई आणि पाळकसाहेब ठरवतील. गावभर होईल ही भीती खोटी नाही. काही जणी महिनाभर तुझ्याशेजारी बसणार नाहीत. कुणीतरी शास्त्रातल्या आखानाची गोष्ट काढेल, लुटीतून चोरून तंबूखाली पुरलेल्या सोन्याची. ती गोष्ट तूही रात्री आठवत असशील. पण तंबूखाली लपवलेलं त्यानं स्वतःहून आणलं नव्हतं, चिठ्ठ्या टाकून सगळ्या इस्राएलातून त्याच्यापर्यंत यावं लागलं. तू आपल्या पायांनी डबा घेऊन निघालीयस.

शिकवणं सोडू का, याचं उत्तर तू एकटीनं ठरवू नकोस, मीही ठरवत नाही. पाळकसाहेबांना खरं सांग आणि ते म्हणतील तेवढे रविवार थांब. थांबायला लागलं तर ती हकालपट्टी समजू नकोस. योहानाच्या शुभवर्तमानात शिष्य पेत्रानं प्रभूला तीनदा नाकारलं तेव्हा तो कोळशाच्या विस्तवापाशी शेकत उभा होता. नव्या करारात कोळशाच्या विस्तवासाठी तो शब्द आणखी एकदाच येतो, एकविसाव्या अध्यायात, समुद्राच्या काठी. तिथं प्रभूनं स्वतः विस्तव पेटवलाय, त्यावर मासे आणि भाकर आहे. आधी जेवायला बोलावलं. मग तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का? आणि तीनदा काम सोपवलं. पेत्राच्या नाकाला तो धूर ओळखू आला असणार.

आणि तो मुलगा. त्याला उत्तर द्यायचं राहिलंय, आणि तुला रविवार थांबायला लागले तरी हे उत्तर त्याच्यापर्यंत पोचलं पाहिजे, दुसऱ्या बाईंकडे लिहून दे. झाड का लावलं याचं कारण शास्त्रानं एका वाक्यात कुठं दिलेलं नाही. मी मुलांना नाताळच्या फराळाचं सांगत असे. आई करंज्या करते, चकल्या करते, डबेच्या डबे भरते. म्हणते, 'हे सगळं तुमचं, खा. हा एक डबा तेवढा अंथरुणावरच्या आजीकडे न्यायचाय, त्याला हात लावू नका.' आता घरात दोन मुलं आहेत. एकाला वाटतं, चांगल्या करंज्या आईनं त्याच डब्यात भरल्या असणार. दुसरा म्हणतो, 'आई म्हणाली ना!' आणि समोरच्या ताटातली करंजी खातो. डबे सारखेच आहेत, करंज्याही एकाच घाण्यातल्या. बागेतली बाकीची झाडं चाखून कळत होती. ते एक झाड न चाखता, सांगणाऱ्यावर विसंबून कळायचं होतं. हे ऐकून एक मुलगी मला म्हणाली होती, 'पण बाई, ज्यानं खाल्ली त्याला आईनं मारलं का?' मी तिला उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायाचं एकविसावं वचन वाचून दाखवलं. बागेबाहेर जावं लागलं, काटे-कुसळे आणि निढळाचा घाम सगळं खरं झालं, पण जायच्या आधी देवानं त्यांच्यासाठी चामड्याचे कपडे केले आणि स्वतः त्यांच्या अंगावर घातले. आणि त्याच्याही आधी, पापानंतर देवाच्या तोंडून आलेला पहिला शब्द हाक होती. तू कुठं आहेस? कोणत्या झाडामागं ते दडलेत हे त्याला दिसत नव्हतं असं थोडंच आहे.

डबा नेशील तेव्हा झाकणाची चिठ्ठी काढून घे, ती मंडळाची नाही, तुझी आहे. मागच्या कोऱ्या बाजूवर फिलिप्पैकरांच्या चौथ्या अध्यायाचं अकरावं आणि बारावं वचन लिही आणि शास्त्रात त्याच पानावर ठेव. आणि निघण्याआधी वहीत शेवटच्या शिल्लकेखाली आजची तारीख घालून खरा आकडा लिही, पेन्सिलीनं नको, पेनानं.

– तुझी मावशी